जपानी गाण्यांतला 'आ'

गाण्यांच्या भेंड्या लावताना 'ण' किंवा 'ळ' आला, की समोरच्या पक्षाचे चेहरे पडतात. जपानमधली मुलंही भेंड्यांसारखाच एक खेळ खेळतात. त्याला म्हणतात 'शिरितोरी'. तो गाण्यांचा नसतो, शब्दांचा असतो. समोरच्याच्या शब्दाचं शेवटचं अक्षर पकडायचं आणि पुढचा शब्द सांगायचा. ज्याचा शब्द 'न्'वर संपला तो हरला, कारण 'न्'नं सुरू होणारा शब्दच त्या भाषेत नाही. साहजिकच जपानी गाण्यांच्या पुस्तकात मागची सूची उघडली, तर 'न्'चं पान सापडत नाही. उलट 'आ'ची पानं मात्र संपता संपत नाहीत.

याचं कारण गमतीचं आहे. लाल म्हणजे 'आकाइ', निळा 'आओइ', पाऊस 'आमे', शरद ऋतू 'आकि', सकाळ 'आसा', उद्या 'आशिता', प्रेम 'आइ' आणि तुम्ही म्हणजे 'आनाता'. गीतकाराला जे जे लागतं, त्यातलं निम्मं या एका अक्षरात! उच्चार आपल्या 'आ'सारखाच, फक्त थोडा आखूड.

श्रोतेहो, गाण्यांकडे वळण्यापूर्वी या सूचीच्या क्रमाविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. जपानी वर्णक्रम असा आहे : आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? आपल्या क, च, त, प, म, य, र, वचीच ही सावली आहे. 'च'च्या जागी 'सा' बसला आहे. 'प'च्या जागी 'हा' दिसतो, कारण त्या 'हा'चा जुना उच्चार 'पा' होता. संस्कृत मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून जपानी बौद्ध भिक्षू सिद्धम् ही भारतीय लिपी शिकत. नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई या भिक्षूनं चीनमधून त्या लिपीतलं वाङ्मय नेलं. तिच्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. आपल्याकडे पूर्वी मुलाच्या हाती पाटी दिली, की 'ओनामासीधं' म्हणवून घेत. ते म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्'. त्या लिपीचं नावही याच 'सिद्धम्'वरून पडलं. म्हणजे टोकियोतला एखादा माणूस पुस्तकात गाणं शोधतो, तेव्हा नकळत आपल्याच ओनाम्याची वाट धरतो.

आता 'आ'चं पान. वरच्याच बाजूला भेटतं 'आओइ सानम्याकु', म्हणजे निळी पर्वतरांग. हे १९४९ सालच्या याच नावाच्या चित्रपटाचं गाणं. गीतकार साइजो यासो, संगीतकार हात्तोरी र्‍योइची. युद्ध हरून चार वर्षं झाली होती. तांदूळ रेशनवर आणि काळा बाजार तेजीत. असं सांगतात, की ओसाकाहून क्योतोला जाताना खिडकीतून डोंगर दिसले आणि हात्तोरींना चाल सुचली. हाताशी स्वरलिपीचा कागद नव्हता, म्हणून त्यांनी स्वर आकड्यांत टिपायला सुरुवात केली. शेजारच्या उतारूंना वाटलं, हा कोणी काळाबाजारवाला दिसतो, हिशेब मांडतोय! गाणं मात्र कमालीचं उजळ आहे. जुनं मागे टाकून निघालेल्या तरुण मुलामुलींचं ते गाणं म्हणून आजही ओळखलं जातं. आणि जाता जाता सांगतो, 'आओ'मध्ये हिरवाही येतो. सिग्नलचा हिरवा दिवा जपानी माणूस 'आओ' म्हणूनच ओळखतो.

त्याच्याच खाली आहे 'आओइ मे नो निंग्यो', निळ्या डोळ्यांची बाहुली. १९२१ सालचं हे बालगीत नोगुची उजो यांनी लिहिलं आणि मोतोओरी नागायो यांनी त्याला चाल दिली. अमेरिकेतली सेल्युलॉइडची बाहुली जपानच्या बंदरात उतरते. तिला इथली भाषा येत नाही. हरवले तर काय करू, अशी काळजी तिला पडते.

पुढे हे गाणं खरं झालं. १९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून जपानी लोकांना स्थलांतराची दारं बंद केली. सिडनी गुलिक नावाचे मिशनरी तोवर जपानात पंचवीस वर्षं राहून परतले होते. त्यांना वाटलं, मोठ्यांचं बिनसलं असलं तरी मुलांची मैत्री करून देऊ. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांनी सुमारे १२,७०० बाहुल्या जपानी शाळांना पाठवल्या. त्यांना नाव पडलं ते या गाण्यावरूनच, 'निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या'. जपाननं उलट भेट म्हणून ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या. त्यात पुढाकार होता उद्योगपती शिबुसावा एइची यांचा. मग युद्ध आलं. त्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. कुठे जाळल्या, कुठे मुलांसमोर भाल्यांनी भोसकल्या. काही शिक्षकांनी मात्र त्या माळ्यावर, कपाटामागे लपवून ठेवल्या. आज तीनशेच्या आसपास उरल्या आहेत. एक बाहुली लपवणं ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती.

मग येतं 'आओगेबा तोओतोशी', शाळेच्या निरोप समारंभात गुरुजनांचे आभार मानण्याचं गाणं. ते १८८४ पासून पाठ्यपुस्तकात आहे. चाल कोणाची, हे सव्वाशे वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. २०११ मध्ये एका निवृत्त प्राध्यापकांना ती १८७१ च्या एका अमेरिकन गीतसंग्रहात सापडली. तिथेही ते शाळा सोडण्याचंच गाणं होतं. अलीकडे बऱ्याच शाळांनी त्याच्या जागी नवी गाणी घेतली आहेत.

उजो-नागायो याच जोडीचं दुसरं गाणं 'आकाइ कुत्सु', लाल बूट, १९२२ सालचं. लाल बूट घातलेली मुलगी योकोहामाच्या बंदरातून एका परदेशी माणसाबरोबर निघून जाते, एवढीच गोष्ट. योकोहामाच्या यामाशिता बागेत गुडघ्यांना मिठी मारून समुद्राकडे बघणारी तिची मूर्ती १९७९ पासून आहे. पण टोकियोतल्या आझाबू-जुबान भागात तिची आणखी एक छोटी मूर्ती आहे. ती बसवली, त्यामागची हकिगत वेगळी आहे. एका टीव्ही पत्रकारानं सत्तरच्या दशकात शोध घेऊन सांगितलं, की ही मुलगी म्हणजे किमी. आईनं तिला एका अमेरिकन मिशनरी जोडप्याच्या हवाली केलं होतं. पण तिला क्षय झाला आणि ते जोडपं तिला न घेताच मायदेशी गेलं. १९११ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती आझाबूच्या अनाथाश्रमात गेली. आई मात्र आपली लेक अमेरिकेत सुखात आहे, असंच समजत राहिली. काही अभ्यासकांना ही हकिगत मान्य नाही, आणि त्यांचे आक्षेप सहज झटकून टाकता येण्यासारखे नाहीत. तरीही लोक त्या छोट्या मूर्तीपाशी पैसे ठेवून जातात आणि ते पैसे मुलांच्या मदतनिधीला दिले जातात.

आणि आता 'आका तोम्बो', लाल चतुर. या पानावरचं हे माझं सगळ्यात आवडतं गाणं. कवी मिकी रोफू. ते पाच-सहा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले, आई घर सोडून गेली. मुलाला सांभाळायला एक मुलगी होती. तिच्या पाठुंगळीवर बसून संध्याकाळी पाहिलेला लाल चतुर रोफूंना १९२१ मध्ये, दूर होक्काइदोच्या एका ख्रिस्ती मठात शिकवत असताना आठवला. त्या मुलीचं पंधराव्या वर्षी लग्न झालं, आणि मग तिच्या गावाकडून निरोप येणंही थांबलं. गाण्यात एवढंच आहे. आई कुठेच नाही, आणि तरी गाणं तिचंच वाटतं. जपानी मुलांचा मात्र इथे हमखास घोटाळा होतो. 'पाठीवर घेतलेला' आणि 'पाठलाग झालेला' हे दोन्ही शब्द उच्चारायला अगदी सारखे. त्यामुळे कित्येक जण मोठे होईपर्यंत समजतात, की चतुर कोणाच्या तरी मागे लागला होता!

१९२७ मध्ये यामादा कोसाकू यांनी याला चाल दिली. जपानी बोलण्यात सूर वर-खाली होतो आणि शब्द त्यावरून ओळखू येतो. बोलताना सूर जिथे चढतो तिथेच चालीतही तो चढला पाहिजे, असा यामादांचा कटाक्ष होता. या चालीत 'आका तोम्बो'तला 'आ' उंच आहे आणि 'का'वर सूर एकदम खाली येतो. आजच्या टोकियोकराला हे चुकीचं वाटतं. तो 'आ' खाली ठेवतो आणि पुढे चढतो. पण चूक संगीतकाराची नाही. त्या काळी टोकियोत हा शब्द तसाच बोलत असत. पुढे बोलणं बदललं, गाणं बदललं नाही. आज कितीतरी गावांत संध्याकाळी मुलांना घरी बोलावण्यासाठी नगरपालिकेच्या भोंग्यांवर हीच चाल वाजते. तिला शब्द नसतात. तरी तो जुना, उंच 'आ' त्या भोंग्यातून रोज एकदा ऐकू येतो, आणि मैदानावरची मुलं दप्तरं उचलून घराकडे निघतात.