बातमीलेखनाचा अभ्यास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी काही मुलेमुली यंदा महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करीत आहेत. त्यांच्याशी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. ‘मुलाचे निबंध चांगले असतात, तेव्हा बातमीलेखन त्याला सहज साधेल,’ असा पालकांचा समज असतो. परंतु निबंधात शाबासकी मिळविणारा विद्यार्थीही येथे पुष्कळदा अडखळतो. कारण निबंध आपल्या मनातून निघतो. बातमी मात्र बाहेर जाऊन आणावी लागते.

हा भेद समजण्यासाठी दूर जावयास नको. समारंभाचे वृत्तांत आपण कसे लिहितो ते आठवावे. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, हारतुरे असे होत होत अगदी शेवटी कळते की, मुलींच्या वसतिगृहासाठी जागा घेण्याचे सभेने ठरविले! वास्तविक बातमी तीच. काय, कोणी, कोठे, केव्हा, का आणि कसे या सहा प्रश्नांपैकी महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे पहिल्या एकदोन वाक्यांत यावीत आणि पुढील तपशील उतरत्या महत्त्वाने द्यावा. या रचनेस उलटा पिरॅमिड म्हणतात. जागा अपुरी पडली की उपसंपादक बातमी खालून छाटतो. सार वर असेल तर ते शाबूत राहते.

दुसरी गोष्ट विशेषणांची. ‘प्रचंड जनसमुदाय’ असे लिहिण्यापेक्षा खुर्च्या किती होत्या आणि किती भरल्या, हे मोजावे. मत द्यावयाचे असल्यास ते ज्याचे असेल त्याच्या नावावर द्यावे. स्वतःचे मत बातमीत मिसळू नये. नाव, आडनाव, हुद्दा आणि आकडा त्या माणसाला पुन्हा विचारून पडताळावा. एका चुकीच्या नावाने साऱ्या बातमीवरील विश्वास उडतो.

आज मोबाईलवर क्षणोक्षणी संदेश येतात. तो शोधाचा आरंभ होऊ शकेल, पुरावा नव्हे. मूळ कागद पाहावा, संबंधितांस भेटावे. आरोप असेल तर ज्याच्यावर तो आहे त्याचेही म्हणणे घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयाकडे माहिती मागता येते. उत्तरास सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. म्हणून मोठ्या प्रकल्पाचा अर्ज सत्राच्या आरंभीच करावा, परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे.

नित्याचा अभ्यासही सोपा आहे. एकाच घटनेची बातमी दोन वृत्तपत्रांत शेजारी ठेवून वाचावी. घड्याळ लावून अर्ध्या तासात बातमी पुरी करावी. तपासून आलेला मजकूर केवळ गुण पाहून बाजूस न टाकता पुन्हा लिहून काढावा.

शेवटी थोडे पालकांसाठी. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घातला. तरीही ८८ वर्षांनंतर, ३१ जानेवारी १९२० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘मूकनायक’ सुरू करावे लागले. कारण बहिष्कृतांची गाऱ्हाणी इतर पत्रांत पुरेशी उमटत नव्हती. बातमीदार केवळ आपल्या माणसांचेच ऐकू लागला, तर किती लोक मुके राहतात, याचा हा धडा आहे. आपण ज्ञातीच्या नात्याने येथे जमलो आहोत. म्हणून तो आपण विशेष ध्यानी धरावा. आपल्या मुलांनी परक्या वस्तीत जावे, तेथील माणसांस आदराने प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे आपल्या माणसाच्या उत्तरांइतकीच नेमकी लिहावीत.

आणि उद्या यांच्यापैकीच एखादी मुलगी वही घेऊन आपल्या मंडळाचा हिशेब विचारावयास आली, तर ‘आपली असून असे विचारतेस?’ असे तिला म्हणू नये. तिच्यापुढे वह्या उघडाव्यात. तिच्या अभ्यासास आपण देऊ शकू असे याहून मोठे साहाय्य नाही आणि मंडळाच्या अब्रूसही याहून चांगले रक्षण नाही.