जे आधी येईल ते



आजच्या सेवेचा विषय आहे काळ. काळ म्हटला की आपण पोथी उघडतो. आज आपण मोटारीचं झाकण उघडू. हसू नका मंडळी. संतांनी जातं घेतलं, रहाट घेतला, शेत घेतलं, जे लोकांच्या रोजच्या डोळ्यांपुढे होतं तेच दृष्टांताला घेतलं. आज तुमच्या दारात मोटार उभी आहे, तर मोटारच घेऊ.

गोराई गाव तुम्हाला ठाऊक आहे. बोरिवलीला जायचं तर जेट्टीवर यायचं, होडीत बसायचं, खाडी ओलांडली की झालं. मोटार न्यायची तर उत्तन, भाईंदर असा मोठा वळसा. म्हणून तिथली मोटार दारात उभी राहते आणि माणूस होडीने जातो.

गावातल्या एका माळकरी घराने अशीच एक जुनी गाडी घेतली. खाडीच्या बाजूला विपश्यनेचा मोठा पॅगोडा आहे, त्याचं उद्घाटन २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं, त्याच सुमाराची गाडी. घेतली तेव्हा १२ वर्षांची. मीटरवर किलोमीटर किती? अवघे २८,०००! विकणारा सज्जन, मीटर खरं. घरातला मुलगा म्हणाला, "गाडी नवीच आहे. कार्तिकीला आजीला पंढरीला नेतो."

निघण्याआधी गाडी मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "टायमिंग बेल्ट बदलून घ्या." मुलगा म्हणाला, "२८ हजारांवर कशाला?" मेकॅनिकने गाडीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. माउली, ही ओळ ध्यानात ठेवा. जे आधी येईल ते! आपण सगळे अर्धीच ओळ वाचतो.

आता हा बेल्ट म्हणजे काय? रबराचा दातेरी पट्टा. आत काचतंतूंचे दोर असतात. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो क्रँक. वर एक फिरतो, तो कॅम. क्रँक पिस्टन वरखाली करतो, कॅम वॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झालाच पाहिजे. ना कमी, ना जास्त. हा मेळ पट्टा राखतो. एक दात जरी चुकला तरी इंजिन ओढत नाही, धापा टाकतं.

आणि पट्टा तुटला तर? क्रँक फिरत राहतो, कॅम थांबतो. उघडा राहिलेला वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही, काहींत नुसतं इंजिन बंद पडतं. काही गाड्यांना पट्ट्याच्या जागी साखळीही असते. पण बंद कुठे पडलं हे पाहा! खंडाळ्याच्या घाटात इंजिन गेलं की ब्रेक पायाला दगडासारखा लागतो, स्टीअरिंग जड होतं, आणि मागून ट्रक येत असतो.

साखळी झिजली की खडखडते, आधी सांगते. पट्टा बहुतेक वेळा काही सांगत नाही. तो झाकणाआड असतो. गाडी उभी असली तरी उष्णता, हवा, तेलाचा ओशटपणा रबराला खातच असतात. मेकॅनिकने झाकण काढलं तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या, आणि पाण्याचा पंप ओलसर. तो म्हणाला, "पट्टा, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला. खोलायची मेहनत तीच आहे. उद्या पंप बिघडला तर सगळं पुन्हा खोलावं लागेल."

घरात पैसा बेताचा. जे होते ते आजीने द्वादशीच्या अन्नदानाला बाजूला ठेवलेले. मग आजी कीर्तनाला आली तेव्हा मला विचारती झाली, "महाराज, देवाचे पैसे पट्ट्याला घातले तर दोष लागेल का?"

माउली, प्रश्न साधा नाही. वर्षभर रुपया रुपया जोडलेला संकल्प आहे. मी म्हणालो, "आई, गाडीत पाच जीव बसणार, रस्त्यावर किती असतील ते देव जाणे. जीव राखणं हीसुद्धा पूजाच. पण संकल्प सोडू नका. पैसा नसेल तर हात आहेत." आजीने ऐकलं. पट्टा बदलला. मेकॅनिकने क्रँकची आणि कॅमची खूण जुळवली, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, मगच चावी लावली. कार्तिकीला गाडी सुखरूप पोहोचली. आणि द्वादशीला पहाटेपासून आजी एका फडावर भाकरी थापत बसली. पैशाने व्हायचं ते अन्नदान हाताने झालं!

आता आपल्याकडे वळा. तुम्ही म्हणता, "महाराज, आम्ही फार काही भोगलं नाही, वाईट केलं नाही, अजून वापर कमी आहे. नाम म्हातारपणी घेऊ." अहो, मीटर खरं आहे, पण वर्षं कुठे गेली? उभी गाडीही म्हातारी होते. न वापरलेलं आयुष्य शिल्लक राहत नाही, तेही खर्चच होतं.

भागवतात परीक्षिती राजाला सात दिवस मिळाले. शुकाचार्य त्याला खट्वांग राजाची गोष्ट सांगतात, त्याच्याजवळ तर एकच मुहूर्त उरला होता. पण दोघांना आपली मुदत कळली होती. तुम्हा-आम्हाला कळलेली नाही. आपल्या पुस्तकात एवढंच लिहिलंय, जे आधी येईल ते.

संसाराचा क्रँक फिरू द्या, तो थांबवा असं कोणी सांगितलं नाही. पण त्याच्या दोन फेऱ्यांमागे परमार्थाचा एक फेरा झालाच पाहिजे. तो मेळ राखणारा पट्टा म्हणजे नित्यनेम. नेम सुटला की पहिल्या दिवशी काही कळत नाही, घाटात कळतं.

म्हणून घरी गेल्यावर दोन कामं करा. जुनी गाडी घेतली असेल तर किलोमीटर नका बघू, पट्टा कधी बदलला याची पावती मागा; पावती नसेल तर बदललाच नाही असं समजा. आणि आज रात्री निजण्याआधी हरिपाठाला बसा. उद्यापासून नव्हे.

रामकृष्णहरि!