कावेरीकाठची मंदिरे : भूमितीचा वारसा आणि जतन



कावेरीचा त्रिभुज प्रदेश तामिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. गाळाच्या या सपाट भूमीवर गावोगावी चोळकालीन पाषाणमंदिरे उभी आहेत. ती समजून घेण्यासाठी शिखराआधी तलविन्यास पाहावा लागतो.

शिल्पशास्त्रानुसार आखणीचा प्रारंभ दिशासाधनाने होतो. समतल जमिनीत शंकू रोवून त्याभोवती वर्तुळ काढले जाते. पूर्वाह्नी व अपराह्नी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते, ते बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. पुढे चौरस आखून त्याचे 64 किंवा 81 समान भाग केले जातात. यालाच वास्तुपुरुषमंडल म्हणतात. मधला भाग ब्रह्मस्थान होय.

पहिल्या राजराज चोळाने इ.स. 1010 मध्ये पूर्ण केलेले तंजावरचे बृहदीश्वर मंदिर या शिस्तीचा उत्तम नमुना आहे. स्थूलमानाने विमानाचा पाया 30 मीटर, उंची 60 मीटर, तर प्राकार 120 मीटर रुंद व 240 मीटर लांब आहे. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट! प्राकार म्हणजे जणू दोन चौरस. त्यांपैकी पश्चिमेकडील चौरसाच्या मध्यावर विमान उभे आहे.

पुढे पांड्य, नायक व मराठे यांनी या प्रांगणात भर घातली. सरफोजी दुसरे यांच्या काळात, 1803 मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत येथील भिंतीवर कोरण्यात आला. तथापि मूळ अक्ष अबाधित राहिला.

हे मंदिर 1987 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. 2004 मध्ये गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम येथील मंदिरांचा त्यात समावेश झाला. खरा प्रश्न लहान गावांतील मंदिरांचा आहे. परंपरेने साधारण 12 वर्षांनी होणाऱ्या कुंभाभिषेकापूर्वी तेथे डागडुजी केली जाते. अशा वेळी फरसबंदीची पातळी वाढविल्यास अधिष्ठानाचे थर जमिनीत गाडले जातात. त्यामुळे प्रमाणबद्धता बिघडते, पावसाचे पाणी साचते आणि जमीनदान, करआकारणी, पाटबंधारे व ग्रामसभा यांची माहिती देणारे शिलालेखही दृष्टिआड होतात.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी तलविन्यासाची अचूक मोजणी व शिलालेखांची नोंद होणे आवश्यक आहे. गावकरी, स्थपती आणि पुरातत्त्वज्ञ यांच्या सहकार्यानेच ते साध्य होईल. पडलेला कळस पुन्हा बसविता येतो. पुसलेली मूळ रेषा मात्र पुन्हा सापडत नाही.