वाढत्या पायांचे माप

(नवी मुंबई येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



बुटामुळे पायाला आकार येतो, असा समज सुशिक्षित घरांत खोलवर रुजला आहे. वस्तुतः बालकाचा पाय स्वतःच घडत असतो. तळव्याखालील चरबीमुळे तो प्रथम सपाट दिसतो; कमान पुढे आठ-दहा वर्षांपर्यंत हळूहळू तयार होते. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल, तर खास बुटांचा खर्च बहुधा अनावश्यक होय. पाय दुखत वा ताठर असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

शेजारच्या कर्नाटकातील डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. सँडल व चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी.

मग मुलांना अनवाणी धाडावे काय? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भातशेती व मिठागरांच्या या भूमीवर नगर उभे राहिले. येथील रस्त्यांवर खिळे आहेत, काचा आहेत, उन्हाळ्यात तापलेले डांबर आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. खेड्यांत अंकुशकृमी तळव्यातूनच शरीरात शिरतो. तेव्हा बाहेर पादत्राण हवेच; घरात आणि अंगणवाडीच्या स्वच्छ फरशीवर मात्र पाय मोकळे असू द्यावेत.

शासनाने २०२३ साली शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट व दोन जोड्या पायमोजे देण्याचे ठरविले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्याचे यश मापावर अवलंबून आहे. एकाच वर्गातील मुलांच्या पावलांत दोन-तीन नंबरांचा फरक सहज असतो. म्हणून इयत्तेवरून मागणी न नोंदविता प्रत्येक मुलाला कागदावर उभे करावे, बसवून नव्हे. कारण भार पडला की पाऊल पसरते. दोन्ही पावलांच्या कडा पेन्सिलीने आखून मोठ्या पावलाचे माप घ्यावे आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, बूट चालत नाही. तो निसटतो, टाच सोलवटते आणि मूल बोटे आवळून चालू लागते. तळ बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे.

आणखी एक. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत भिजलेला बूट दुसऱ्या सकाळपर्यंत सुकत नाही आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. या चार महिन्यांत मागे पट्टा असलेली सँडल चालेल, असा ठराव शाळा व्यवस्थापन समित्यांनी मे महिन्यातच करावा. त्यासाठी कसलीही आर्थिक तरतूद लागत नाही.