‘दे’ आणि ‘द्या’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘परदेशातील अनुभव’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारण्यात ज्याची तीस वर्षे गेली, अशा आमच्यासारख्या साध्या बी. ए. माणसाने प्रवासवर्णन काय सांगावे! शिवाय आमचा परदेश एकच, दक्षिण कोरिया. आणि मुक्काम अवघा सात आठवड्यांचा. परंतु त्या मुक्कामाने आम्हाला जे शिकविले ते सोलपेक्षा आपल्या वेस्ट मांबलमविषयीच अधिक होते, म्हणून हे धाडस.

आम्ही कोरियन भाषेच्या वाटेस गेलो ते विद्याव्यासंगाने नव्हे. आमचे जावई तेथे नोकरीस आहेत. नात तेथेच जन्मली, तेथल्याच बालवाडीत जाऊ लागली. एके रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर तिने आम्हास ‘हाराबोजी’ अशी हाक मारली. कोरियन भाषेत आजोबांना हाराबोजी म्हणतात. आमच्या सौ. ‘हाल्मोनी’ झाल्या आणि दिवसभर खट्टू होऊन बसल्या. आम्ही मात्र मनाशी ठरविले की, नात आपल्या भाषेत येईपर्यंत आपण तिच्या भाषेत चार पावले जावे.

चेन्नईत त्याची सोय आहे. 1996 साली ह्युंदाई कंपनी श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे आली, तेव्हापासून या शहरास कोरियन कुटुंबांचा सहवास लाभला. 2006 साली येथे इन्को सेंटर ही भारत-कोरिया सांस्कृतिक संस्था निघाली; तेथे भाषेचे वर्ग चालतात. वर्गात आमच्या शेजारी कोरियन गाण्यांनी वेडावलेली कॉलेजकुमारी बसे. पहिल्या दिवशी तिने आम्हास पालक समजून बाहेरच्या खुर्चीकडे बोट दाखविले!

लिपीने मात्र आमचे मन जिंकले. 1443 साली राजा सेजोंग याने ती सिद्ध केली आणि 1446 साली प्रजेस दिली. चिनी अक्षरे सामान्य माणसास झेपत नाहीत, त्याला आपले म्हणणे लिहिता यावे, हा त्यामागील हेतू. मूळ व्यंजनांच्या आकृती उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, घसा यांची जी ठेवण होते तीवरून घेतल्या आहेत. आम्ही आठ दिवसांत अक्षरे वाचू लागलो. अर्थ कळावयास दोन वर्षेही पुरली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

भाषेत ओळखीच्या खुणाही पुष्कळ. आईस ‘ओम्मा’, बापास ‘आप्पा’. क्रियापद मराठीप्रमाणे, तमिळप्रमाणे वाक्याच्या शेवटी. 1905 साली हल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करणारे पुस्तकच लिहिले. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे नाते मान्य करीत नाहीत. पण परक्या गावी ‘आप्पा’ ही हाक कानी आली की शास्त्रज्ञांची आठवण कोणास राहते?

सोलला पोहोचल्यावर पहिले काही दिवस आमची विद्या उपाहारगृहातच खर्ची पडली. ‘मांस नको’ एवढे वाक्य आम्ही घोटून नेले होते. मांस येत नसे. परंतु रस्सा माशाचा असे, आणि किमचीत बहुधा खारविलेली कोळंबी किंवा माशाचे पाणी असते, हे मागाहून समजले. अखेरीस कन्येच्या घरच्या वरणभातालाच आम्ही शरण गेलो.

आता मुख्य प्रसंग सांगतो. घरामागील गल्लीत एक वृद्धा फळे विकावयास बसे. शरद ऋतू होता, पर्सिमनचे केशरी ढीग लागले होते. नातीचे बोट धरून आम्ही तेथे गेलो आणि ऐटीत म्हणालो, “इगो ज्वो.” म्हणजे ‘हे दे.’ वृद्धेचा हात जागच्या जागी थांबला. तिने आमच्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. पण त्या दृष्टीने आमचे वय चाळीस वर्षांनी उतरले. तोच नात ओरडली, “हाराबोजी, चुसेयो!” ‘चुसेयो’ म्हणजे ‘द्या’. वर्गात आम्हास ‘चुसेयो’च शिकविले होते, परंतु सात आठवडे नातीशी खेळताना तिच्या तोंडची सलगीची रूपेच आमच्या जिभेवर बसली होती. आम्ही मान लववून क्षमा मागितली, तेथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पैसे दिले. वृद्धेने एक फळ नातीच्या हातावर अधिक ठेवले. आमच्या नव्हे.

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. डोळ्यांपुढे कोरियन वृद्धा नव्हती. आर्य गौडा रोडच्या बाजूने डोक्यावर टोपली घेऊन सकाळी आमच्या दारी येणारी कीरैवाली अम्मा होती. नऊ वर्षे आम्ही तिच्याशी चार शब्दांत व्यवहार केला: वा, पो, कुडु, वेंडाम. ये, जा, दे, नको. हे तमिळ आम्ही कोठून उचलले कोण जाणे, पण त्यात आदराचा ‘ंग’ नव्हता. ‘कुडुंग’ म्हणावयाचे असते, ‘वांग’ म्हणावयाचे असते. ती आमच्याहून दहा वर्षांनी तरी वडील. आणि तिने नऊ वर्षांत एकदाही आम्हास ‘वा’ म्हटले नव्हते, ‘वांग’च म्हटले होते. दूरदेशीच्या भाषेसाठी आम्ही शुल्क भरून वर्गात बसलो, आणि दाराशी रोज फुकट येणारी भाषा आम्ही ‘येथे किती दिवस राहावयाचे आहे!’ म्हणून दूर ठेवली.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द वेगळे आहेत. हिंदीत, इंग्रजीत हा भेद नाही. तमिळमध्ये आहे: ‘नांगळ’ म्हणजे आम्ही, ऐकणारा बाहेर. ‘नाम’ म्हणजे आपण, ऐकणारा आत. कोरियनमध्ये तर एकुलते एक मूलही ‘माझी आई’ न म्हणता ‘उरी ओम्मा’, आमची आई, म्हणते. विचार केला तेव्हा दिसले की, या गावात आमची नऊ वर्षे निव्वळ ‘नांगळ’मध्ये गेली.

मुले तमिळ बोलू लागली की आपल्यापैकी पुष्कळांस मराठी गेल्याची धास्ती वाटते. आम्हासही वाटत असे. पण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत एकत्र नांदल्या, आणि तमिळ मुलखातील बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली मराठीत भोसल्यांचा वंशेतिहास कोरला गेला. दुसरी भाषा आत घेतल्याने पहिली बाहेर जात नाही. घरात बोलणे थांबले की जाते. ते काम आता आमच्या सौ. रोज अर्धा तास दूरध्वनीवरून करतात. नात ‘आजोबा’ म्हणू लागली आहे; लाडात आली की अजून ‘हाराबोजी’च.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी कीरैवाली आली. आम्ही दार उघडले आणि म्हणालो, “वांग अम्मा. रेंडु कट्टु कुडुंग.” ती क्षणभर थबकली. मग दोन जुड्या देत तिने विचारले, “ऊर्लेंदु एप्पो वंदींग?” गावाहून कधी आलात?

आम्हास प्रश्न समजला, उत्तरही ठाऊक होते. पण ते तमिळमध्ये जुळवेपर्यंत ती पुढच्या दारी गेली होती. दुसऱ्या दिवशी सांगितले.