सहाव्या महिन्यात विचारायचे प्रश्न



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले आपण नाक-कान-घसा तज्ज्ञ आज एकत्र बसलो आहोत. अध्यक्ष म्हणून मला एकच विषय मांडायचा आहे. मोडलेलं नाक आपण बसवून देतो. त्यानंतर त्या माणसाचे दिवस कसे जातात?

आपल्या शास्त्रातला एक मोठा प्रसंग पुण्याजवळ घडला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२च्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं मेणाच्या पातळ साच्यावरून माप घेतलं, कपाळाची कातडी उतरवून खाली वळवली आणि टाके न घालता कातानं चिकटवली. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकीकत छापली. पुढं १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदानं याच पद्धतीनं तिकडं शस्त्रक्रिया केली. त्या हकीकतीत वैद्याचं नाव नाही, याची मला फार हळहळ वाटते. नव्या नाकाचं कौतुक मात्र आहे: नाक पक्कं बसलं, जवळजवळ मूळच्यासारखं दिसतं, कपाळावरचा व्रणही फारसा डोळ्यात भरत नाही.

नाकाचा निकाल आपण अजूनही असाच, बघून लावतो. सूज उतरली की तपासायचं, दोन आठवड्यांच्या आत हाड बसवायचं, पट्टी काढून आरसा पुढं धरायचा. हाड सरळ, केसपेपर बंद.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं ते याच मुलखातल्या गोळेश्वरात. इथं तालमीत नाक मोडणं नवं नाही. माझ्याकडं आलेला एक पैलवान नाक सरळ झाल्यावर खूश होऊन गेला आणि चार महिन्यांनी परत आला. "डॉक्टर, दिसतंय झकास, पण दम पुरत नाही. रात्री तोंड कोरडं पडून जाग येते." हाड जागेवर होतं; आतला पडदा वाकडा होता. पहिल्याच दिवशी पडद्यात रक्त साकळलंय का हे बघणं आणि असेल तर तातडीनं काढणं आपण जाणतो, कारण तिथं उशीर केला की कूर्चा मरते आणि नाक खचतं. पण महिन्यांनंतरचा श्वास कोण तपासतो?

त्याहून मला अस्वस्थ केलं ते सांगलीच्या एका बाईंनी. दुचाकीवरून पडून नाक मोडलं, आम्ही ते नीट बसवलं. वर्षभरानं त्या सर्दीसाठी आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "हळदीच्या पोत्यात तोंड घातलं तरी वास येत नाही. दूध करपतं, कळत नाही. बाळाच्या टाळूला तेल लावते, त्याचाही वास गेला." डोक्याला मार बसतो तेव्हा वासाचे नाजूक तंतू तुटू शकतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होतो. या बाईंना मात्र मी वासाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ही माझी चूक आहे. वेळेवर विचारलं असतं तर लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज दोनदा हुंगण्याचा सराव तरी सुरू केला असता. वास परत येईलच अशी खात्री कुणालाच देता येत नाही. पण गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र घरी बसवा, एवढं सांगता आलं असतं.

आणखी एक. "मोरीत घसरले" असं सांगणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर काही विचारू नका. नवऱ्याला बाहेर बसवा, मग तिला विचारा. नाक बसवून तिला त्याच घरात पाठवायचं असेल तर बरं होणं कशाला म्हणायचं?

नाकाच्या अडथळ्यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली २००४पासून जगभर वापरात आहे: नाक भरल्यासारखं वाटणं, चोंदणं, श्वासाचा त्रास, झोप, मेहनतीच्या वेळी पुरेशी हवा न मिळणं. साताऱ्याच्या माणसाला शेवटचा प्रश्न असा विचारावा: अजिंक्यतारा किल्ला चढताना तोंड उघडावं लागतं का? वासाचा सहावा प्रश्न आपण जोडू. हे प्रश्न नाक बसवल्यावर सहाव्या महिन्यात विचारायचे. तेव्हा पेशंट येणार नाही, उसाच्या हंगामात तर नाहीच. मग फोन करू.

दुपारच्या सत्रात हे प्रश्न आपल्या बोलीत लिहून काढायचे आहेत. कोरे कागद मी आणले आहेत. जेवणानंतर कुणी लवकर निघू नका.