करडाचे दूध



बंगळूरच्या आडुगोडी भागात 1923 साली स्थापन झालेली एक सरकारी दुग्धसंस्था आहे. आज ती कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र होय. 1927 साली विश्रांतीसाठी या शहरी आलेले गांधीजी तेथे गोपालनाचे पाठ घ्यावयास जात. स्वतः ते शेळीचे दूध घेत असत. शेळीचे दूध माणसाने घेतले तर करडाने कोणाचे घ्यावे, हा प्रश्न ओघानेच येतो. शेळी दगावली, किंवा करडे तीन झाली आणि सड मात्र दोनच, म्हणजे तर तो टाळताच येत नाही.

पहिल्या दिवसापुरते त्याचे उत्तर एकच: चीक. गर्भात असताना आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये करडाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळावी लागतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती सुमारे चोवीस तासांत संपते. तेव्हा अडीच किलो वजनाच्या करडाला निदान पाव लिटर चीक पहिल्या दिवशी थोडा थोडा करून पाजावा; त्याची सुरुवात जन्मानंतर शक्य तितक्या लवकर व्हावी. आईचा नसेल तर दुसऱ्या शेळीचा, तोही न मिळाल्यास गाईचा. कन्नडमध्ये चीक आणि खरवस या दोहोंना ‘गिण्णु’ हा एकच शब्द चालतो. भाषांतरकाराला तेथे अंमळ थबकावे लागते; करडाच्या दृष्टीने तर हा भेद जीवनमरणाचा आहे, कारण उकडलेल्या चिकातील संरक्षक द्रव्ये नष्ट झालेली असतात.

त्यानंतर निवडीला वाव आहे. शेळीचे दूध उत्तमच. पण ते विकले तर आज पैसा हाती येतो, आणि करडू जगल्याचा लाभ काही महिन्यांनी. गरीब घरात हा हिशेब सोपा नसतो. गाईच्या ताज्या दुधावर करडे चांगली वाढतात. म्हशीचे दूध फार स्निग्ध, म्हणून एका वेळी कमी पाजावे. शहरात पिशवीचे दूध हाताशी असते. शेळीच्या दुधात स्निग्धांश साधारण चार टक्के असतो. त्याच्या जवळचे म्हणजे साडेचार टक्क्यांचे ‘स्टँडर्डाइज्ड’. दीड टक्क्याच्या ‘डबल टोन्ड’वर करडू पोट भरूनही खंगते. साखर मुळीच घालू नये. ती पचविणारे पाचकद्रव्य करडाच्या आतड्यात नसते, आणि हगवण लागते. साखर व पिष्ट घातलेले तान्ह्या मुलांचे डबेही याच कारणाने वर्ज्य होत. करडांसाठी म्हणून मिळणारी भुकटी घेतल्यास ती दुधाच्या प्रथिनांची आहे की सोयाबीनची, हे वेष्टनावर पाहावे. कोवळ्या वयात पहिलीच पचते.

एकदा ठरविलेले दूध रोज बदलू नये. बदलणे भागच असेल तर चारपाच दिवसांत हळूहळू बदलावे. दूध अंगाइतके कोमट हवे. बूच चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या जठरात उतरते. घशात ओतलेले दूध फुप्फुसात जाण्याचे भय असते. दोन आठवड्यांनंतर पुढ्यात शेवरीचा पाला टांगावा. करडू तो नीट खाऊ लागले, म्हणजे अडीचतीन महिन्यांच्या सुमारास बाटली कमी करीत बंद करता येते.